नोंदीची शेवटची ओळ

सिंदी रेल्वेहून सकाळच्या पॅसेंजरने वर्ध्याला जाणाऱ्या बायकांत वर्षाली उमाटे वेगळी अशी ओळखू येत नाही. हातात डबा, पाण्याची बाटली, छत्री. कुठे कामाला आहेस असं कुणी विचारलं तर ती सांगते, "संस्थेत. कॉम्प्युटरवर." विचारणारी मान हलवते आणि विषय तिथेच संपतो. कॉम्प्युटरचं काम म्हणजे पंख्याखाली बसून करायचं काम, असं सगळ्यांनाच वाटतं. तिच्या वडिलांनाही वाटायचं.

वडील रामाजी रेल्वेत कीमन होते. जुन्या रुळाला स्लीपरशी धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या असत. हातोडा आणि पाना घेऊन आपल्या हद्दीतला रूळ रोज चालायचा, एकेक चावी ठोकायची, सैल लागली तर घट्ट करायची. काल पक्की होती म्हणून आज सोडली, हे चालत नसे. उन्हाळ्यात खडी इतकी तापे की बुटाचा तळ मऊ पडे. निवृत्त झाले तेव्हा गुडघे संपले होते, कान मात्र शाबूत होते. ठोकल्याच्या आवाजावरून सैल चावी कळते, ती कानाची सवय गेली नाही.

वर्षाली संध्याकाळी घरी आली की ओट्यावरून ते विचारत, "काऊन वं, दमली का? बसून बसून?"

"हाव बाबा. खुर्ची लय जड होती."

"मंग उद्या हमाल लावजो."

रोजचंच होतं हे. त्यात राग नव्हता, पण कौतुकही नव्हतं.

वर्षालीची संस्था गावोगाव सिकलसेलची तपासणी करते. हा रक्ताचा आजार. आईबापाकडून मुलांत येतो आणि आपल्या भागात बऱ्याच घरांत आहे. संस्थेच्या सेविका घरोघरी जातात, रक्त तपासतात, कुणाला कळा येतात, कुणाला रक्त चढवावं लागलं, कोण गरोदर आहे, ते लिहून आणतात. सेलूपासून आष्टीपर्यंतच्या गावांची कितीतरी वर्षांची माहिती एका मोठ्या डेटाबेसमध्ये साठली आहे. ती नीट राहावी, मागितली की मिळावी, हे वर्षालीचं काम.

तो डेटाबेस कुणा एका माणसाने बांधलेला नव्हता. शेताच्या कुंपणाला जो तो हाताला लागेल ते लाकूड लावत जातो, तसा तो वाढला होता. मधल्या काळात प्रेमदास नावाचा एक माणूस ते बघायचा. तो पुण्याला गेला, पण जाताना आपलं नाव ठेवून गेला. एका तक्त्याचं नाव ‘प्रेमदास_नवीन’, दुसऱ्याचं ‘प्रेमदास_नवीन_२’, आणि तिसऱ्याचं ‘प्रेमदास_आता_खरंच_नवीन’. तिन्ही वापरात होते. कोणता कशासाठी, हे वर्षालीने आल्यावर महिनेच्या महिने खर्चून शोधून काढलं होतं.

यंदा उन्हाळा सरता सरता संस्थेने सेविकांना फोन द्यायचं ठरवलं. घरासमोर उभं राहून रुग्णाची सगळी माहिती फोनवर दिसावी. फोनवरचा प्रोग्राम लिहीत होता पियुष. नागपूरचा पोरगा, हात चपळ, डोकं त्याहून चपळ. त्यानेच अडचण सांगितली. तक्त्यातल्या प्रत्येक उभ्या रकान्याला, म्हणजे कॉलमला, तुझ्यात काय ठेवायचं हे आधीच सांगून ठेवलेलं असतं. आकडा, तारीख की अक्षरं, आणि अक्षरं किती. यालाच टाइप म्हणतात. या डेटाबेसमधले खूपसे कॉलम इतक्या जुन्या टाइपचे होते की माहिती जिच्यावर हलवायची ती नवी मशीन ते घ्यायला तयार नव्हती आणि फोनला ते वाचता येत नव्हते. जुनी मशीन तर अधूनमधून स्वतःच बंद पडायची. पोळा झाला की गावांत शिबिरं सुरू होणार होती. त्याआधी जुने टाइप शोधून सगळे बदलायचे होते.

व्यवस्थापक ताराचंदजींनी विचारलं, "वर्षालीबाई, हे म्हणजे एक बटण दाबायचं काम ना?"

"शोधायचं एका बटणात होतं सर. बदलायचं नाही."

खरंच होतं ते. आपल्यात कोणते कॉलम आहेत आणि ते कोणत्या टाइपचे आहेत, हे डेटाबेस स्वतः सांगतो, नीट विचारलं तर. वर्षालीने विचारलं. चहा निवायच्या आत उत्तर पडद्यावर आलं आणि खाली सरकवत गेलं तरी संपेना. ताराचंदजी मागे उभे राहून बघत होते. मग ते आपल्या खोलीत गेले.

त्यापुढचं काम हाताचं होतं. डेटाबेसची एक वेगळी प्रत काढून तिने आधी त्या प्रतीवर सुरुवात केली. एक कॉलम घ्यायचा. त्यात खरोखर काय आहे ते बघायचं. कोण लिहितं, कोण वाचतं, कोणता अहवाल त्यावर उभा आहे, ते शोधायचं. मग नवा टाइप ठरवायचा, बदलायचा, बदलाच्या आधी आणि नंतर सगळी अक्षरं मोजून ताळा बघायचा. जुळला की पुढचा. रिकामा कॉलम असला तरी तिने हेच केलं. रिकामा आहे हेसुद्धा बघितल्याशिवाय कळत नाही.

जन्मतारखेचा कॉलम अडला. कुणीतरी तो अक्षरांचा करून ठेवला होता. तारखेचा टाइप द्यायला गेलं की मशीन नकार द्यायची. वर्षालीने आत डोकावलं. बऱ्याच ठिकाणी सरळ तारखा होत्या. पण एका ठिकाणी होतं ‘तान्हा पोळा’. दुसऱ्या ठिकाणी ‘आष्टीच्या बाजाराच्या दिवशी, कापूस वेचणीत’. तिसऱ्या ठिकाणी ‘गावात नळ आला त्याच्या दुसऱ्या साली’.

पियुष हसून हसून खुर्चीत आडवा झाला. "ताई, याला तारीख कसं म्हणायचं यार?"

"आईला विचारलं की ती हेच सांगते. सेविकेने ऐकलं ते लिहिलं."

"मग उडवून टाकू?"

"उडवायचं नाही. तारखेचा नवा कॉलम करू. ज्या तारखा आहेत त्या त्यात. आणि आईने सांगितलेलं आहे तसं शेजारी राहू दे. उद्या कुणी घरी जाऊन विचारेल, नळ कधी आला ते."

पियुषला ते पटलं. तसंच केलं.

मग आला भेटीच्या टिपणांचा कॉलम. सेविका घरी जाऊन जे जे बघतात ते मोकळेपणाने लिहायची ही जागा. सगळ्यात जास्त वापरातला आणि सगळ्यात जुन्या टाइपचा. पियुष म्हणाला, पाचशे अक्षरं पुरे, फोन हलका चालेल. वर्षालीने इकडची तिकडची टिपणं उघडून पाहिली. दोन-तीन ओळींचीच होती. ती हो म्हणाली. प्रतीवर तिने कॉलम बदलला आणि ताळा बघितला. जुळला नाही. नंतरची अक्षरं कमी भरत होती.

"शेवटच्या मोकळ्या जागा असतील, ताई," पियुष म्हणाला. "जुना प्रोग्राम टिपणाच्या मागे उगाच कोऱ्या जागा जोडत जायचा. त्या कापल्या गेल्या."

हेही खरं होतं. वर्षालीने कमी भरलेल्यांपैकी बरीच टिपणं एकामागून एक उघडली. जिथे उघडलं तिथे शेवटी कोऱ्या जागाच होत्या. ताराचंदजींनी रविवार ठरवून टाकला. त्या दिवशी दवाखाने बंद, कुणी डेटाबेस उघडणार नाही, खऱ्या डेटाबेसवर बदल करून मोकळं व्हायचं. शिबिरांची पत्रकं छापून झाली होती.

शुक्रवारी संध्याकाळी ती घरी आली तरी न उघडलेली टिपणं डोक्यातून जात नव्हती. रामाजी ओट्यावर तंबाखू मळत बसले होते.

"बाबा, चाव्या ठोकत जाताना सगळ्याईचा आवाज सारखाच येत गेला, त तुमी काय कराचे?"

"पुढची ठोकाचो."

"लय झाल्या, सगळ्या पक्क्या निघाल्या, तरी?"

रामाजींनी हात थांबवला. "मंग काय मधातूनच घरी येऊ? उरलेल्या तुह्या मायनं ठोकल्या असत्या का?"

आतून आईचा आवाज आला, "मले काऊन मधात घेता?"

वर्षाली हसली. पण शनिवारी सुट्टी असून ती पॅसेंजरला गेली.

ऑफिसात शिपायाशिवाय कुणी नव्हतं. मूळ टिपणांची आणखी एक प्रत काढून तिने आधी त्यांच्यामागच्या कोऱ्या जागा काढून टाकायला लावल्या. मग मशीनला विचारलं, आता पाचशेच्या वर कोणती उरतात? उरली. कोट्यवधी अक्षरांत ती दिसूनही येणार नव्हती, पण उरली. तिने पहिलं उघडलं.

‘गोपिका. रुख्माबाईची धाकटी सून. गावात तीन गोपिका आहेत, ही नहराजवळची, टिनाच्या घरातली.’ इथून सुरू होऊन माहेर कोणतं, नणंद कुठे दिली, नवरा कोणाच्या वावरात जातो, असं सगळं पुढे चाललं होतं. कापलेल्या प्रतीत ते टिपण ‘कुत्रं चावते, मागच्या दारानं’ इथे संपत होतं. मूळ टिपण संपत नव्हतं. त्यात पुढे होतं: ‘मागच्या दारानं जावे. पेनिसिलिनचं इंजेक्शन हिला देऊ नये. लहानपणी दिलं तर तोंड सुजलं, श्वास अडकला, मरता मरता वाचली.’

वर्षालीने दुसरा तक्ता उघडला. गोपिका गरोदर होती. दसऱ्याच्या सुमाराची तारीख दिलेली होती. सिकलसेलच्या माणसाला ताप आला, छाती भरली, की सहसा याच जातीचं इंजेक्शन देतात. फोनवर बघणाऱ्याला कुत्र्यापर्यंतच कळलं असतं.

तिने उरलेली टिपणं वाचली. सगळ्यांत माणसाची ओळख आधी आणि धोक्याचं शेवटी. एकूण एक.

रविवारचं काम थांबवा, असा फोन तिने ताराचंदजींना केला. कारण विचारायच्या आत ती पवनारच्या बसमध्ये बसली होती.

मनकर्णाबाई पवनारजवळच्या एका खेड्यात राहतात. संस्थेच्या सगळ्यात जुन्या सेविका. गोपिकेचं टिपण त्यांनीच लिहिलेलं होतं. घरचा भाजीपाल्याचा मळा आहे. वर्षाली पोचली तेव्हा त्या मेथीच्या जुड्या बांधत होत्या.

"ये वं माय. सुट्टीच्या दिवशी इकडं? कोनी मेलं का?"

"नाई बाई. एक विचाराचं होतं. औषधाचं, धोक्याचं, तुमी सगळ्यात शेवटी काऊन लिहिता?"

मनकर्णाबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने मेथी कशी दिसते ते विचारलं. "मंग कुठं लिहू? तुह्या त्या मशीनवर टिपण उघडलं का पहिले शेवटच दिसते. वरचं पाहाचं असन त वर सरकवा लागते. डॉक्टरले टाइम असते का वर सरकवाले? म्हनून कामाचं शेवटी. मीच शिकवलं सगळ्या पोरीईले."

वर्षाली तिथेच पाटावर बसली. जुन्या पडद्यावर टिपण तळाशी उघडतं, हे ती रोज बघत होती. ते तिला प्रोग्रामचं व्यंग वाटायचं. इकडे त्या व्यंगावर बायांनी आपली लिहायची रीत बसवली होती आणि ती रीत इतकी वर्षं माणसं सांभाळत आली होती.

"आन् ते कुत्र्याचं काऊन लिहिलं?"

"तुले चावन तवा समजन काऊन लिहिलं ते."

वर्षालीने मग फोनचं सांगितलं. नव्या फोनवर टिपण वरून उघडणार होतं. म्हणजे कॉलम कितीही मोठा केला, एक अक्षर कापू दिलं नाही, तरी इशारा खाली दडलेलाच राहणार होता. घाईतला माणूस पहिल्या दोन ओळी वाचून फोन खिशात टाकेल.

मनकर्णाबाईंची जुडी हातातच राहिली. "मंग आता?"

"मंग आता सगळी टिपणं वाचा लागन. इशारे वेगळे काढून वर ठेवा लागन."

"सगळी? इतक्या सालाची? कोन वाचन?"

"मी."

"एकटी? बह्याड झाली का?" मनकर्णाबाईंनी जुडी टोपल्यात टाकली. "माह्या बोलीतलं अर्धं तुले समजनार नाई. सोमवारी येतो मी. डबा दोघीचा आनजो."

सोमवारी ताराचंदजी चिडले होते. पत्रकं छापलेली, तारखा दिलेल्या. वर्षालीने त्यांच्यासमोर गोपिकेचं टिपण ठेवलं, कापलेलं आणि मूळ, शेजारी शेजारी. त्यांनी वाचलं. चष्मा काढून पुसला. "पोळ्याच्या आत होईल?" एवढंच विचारलं.

"बसले तर होईल."

पियुष म्हणाला, "पाचशे मीच सांगितले होते."

"त्याला ‘हो’ मीच म्हटलं होतं," वर्षाली म्हणाली. "आता फोनवर वर लाल चौकट करून दे. इशाऱ्याचा नवा कॉलम मी करते."

पियुषने चौकट केली, आणखीही केलं. ‘देऊ नये’ असे शब्द शोधून तसली टिपणं पुढे आणणारा प्रोग्राम लिहिला. त्याने बरंच काम हलकं झालं. पण सगळं नाही. बायांनी हीच गोष्ट शंभर तऱ्हांनी लिहिली होती. ‘हे औषध चालत नाई.’ ‘ह्याले पाहून तिले घाम फुटते.’ एकीने लिहिलं होतं, ‘हे दिलं का मेली समजा.’ हे मशीनला कुठून कळणार?

तेव्हा वाचणं आलं. आषाढ-श्रावणाचे दिवस, बाहेर पाऊस, आत दोन बायका आणि एक पडदा. वर्षाली वाचायची, मनकर्णाबाई ऐकायच्या. कुठे अडलं की सांगायच्या, "हे त सर्दीचं हाय, सोड," किंवा "थांब, हे ठेव." ठेवलेलं संध्याकाळी संस्थेच्या डॉक्टर जयाताई तपासायच्या. त्यांनी होकार दिला की ते नव्या कॉलममध्ये जायचं. मनकर्णाबाईंना दुपारी डुलकी यायची. वर्षाली तेव्हाही वाचत राहायची. जे इशाऱ्याचं नाही तेही शेवटपर्यंत वाचायची.

वजन उचलणाऱ्याचे खांदे बोलतात, म्हणून त्याचे कष्ट लोकांना दिसतात. या कामाचे कष्ट दुसरीकडे बघावे लागतात. त्या दिवसांत पॅसेंजरमध्ये ती डोळे मिटून बसायची. स्टेशनवरची पाटी, दुकानाची पाटी, चिवड्याचा कागदही वाचायची नाही. मान डावीकडे वळेना म्हणून हाक मारली की अंगानेच वळायची. आणि सकाळी परत त्या खुर्चीत. कुणी बघत नव्हतं, कुणी मोजत नव्हतं. चार टिपणं सोडली असती तर जन्मात कळलं नसतं. तिने सोडली नाहीत.

एका संध्याकाळी रामाजींनी ओट्यावरून पाहिलं. रोजचं ‘दमली का?’ आज त्यांनी विचारलं नाही. आत जाऊन तेलाची वाटी गरम करायला सांगितली. "मानेले लाव तिच्या," बायकोला म्हणाले. "ही बसून दमली नाई. मी पाह्यलं अशा दमलेल्या मान्साईले."

पोळ्याच्या आधीच्या रविवारी खरं काम झालं. डेटाबेस सगळ्यांसाठी बंद. आधी त्याची पूर्ण प्रत. मग प्रतीवर घासूनपुसून तपासलेले बदल, त्याच क्रमाने, एकामागून एक. टिपणांचा कॉलम आता हवं तेवढं लांब टिपण घेणारा होता. प्रत्येक बदलानंतर ताळा. पियुष एक आकडा मोठ्याने वाचायचा, वर्षाली दुसरा. जुळला, जुळला, जुळला. प्रेमदासचे तिन्ही ‘नवीन’ तक्तेही नवे झाले. शेवटी जुनी मशीन बंद केली. तिचा घरघराट थांबला तेव्हा खोलीत पाऊस ऐकू यायला लागला.

सोमवारी कामं नेहमीसारखी सुरू झाली. कुणाला काही वेगळं दिसलं नाही. लाकडी स्लीपर काढून सिमेंटचे घातले, त्याच्या दुसऱ्या दिवशीही गाडी अशीच गेली होती, रामाजी म्हणाले. प्रवाशांनी खिडकीतून बाहेरसुद्धा पाहिलं नव्हतं.

शिबिरं सुरू झाली. भादव्यात एका सकाळी मनकर्णाबाईंचा फोन आला, तोच तक्रारीचा सूर.

"काऊन वं, तुह्या फोनात ते लाल डबडं पहिलेच येते. मले माहं टिपण वाचाचं त बोट घासून घासून खाली जा लागते."

"कोनाचं टिपण पाहून राह्यल्या होत्या?"

"गोपिकेचं. काल तापानं फणफणून आली शिबिरात. छाती भरलेली. डॉक्टर नवा, त्यानं नेहमीचं इंजेक्शन सांगतलं. आपली अंकिता नाई का, ती नवी सेविका, तिनं फोन उघडला आन् तशीच उभी राह्यली. म्हने, सर, इथं लाल हाय. डॉक्टरनं पाह्यलं, दुसरं औषध देल्लं. आता बरी हाय. आज भाकर खाल्ली म्हने."

"ते डबडं तिथंच राहीन बाई," वर्षाली म्हणाली.

"राहू दे. मी बोट घासतो."

गोपिका दसऱ्याच्या आदल्या दिवशी बाळंत झाली. ती नोंद मनकर्णाबाईंनी स्वतः फोनवर भरली. वर्षालीने ती दसऱ्याच्या सुट्टीनंतर ऑफिसात उघडली. जन्मतारखेच्या कॉलममध्ये तारीख नीट होती. शेजारच्या कॉलममध्ये होतं, ‘सोयाबीन सोंगणीत, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, गाय व्याली त्याच सकाळी.’ टिपण लांबलचक होतं. पोरगी कोणावर गेली, आजीने काय नाव ठेवायचं म्हटलं, कुत्रं आता बांधून ठेवतात. वर्षाली सवयीने शेवटापर्यंत गेली. बाईंची सवयही गेली नव्हती. शेवटच्या ओळीत होतं, ‘पोरीचं रक्त तपासाचं बाकी हाय.’

तिने ती ओळ उचलली, लाल चौकटीत वर नेऊन ठेवली, आणि पुढची नोंद उघडली.